धरा, पाडा, ढकला: रोलप्लेइंग गेममधली पकड, नव्या खेळाडूंसाठी

खेळ रंगात आलेला असतो. फासे पडत असतात, गॉब्लिन मरत असतात. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "मी तलवार नाही चालवत. मी त्याला धरते." डंजन मास्टर (खेळ चालवणारा) पुस्तक उघडतो, शेजारचा मोबाइल काढतो, तिसरा छातीठोकपणे एक नियम सांगतो जो दोन आवृत्त्यांपूर्वी खरा होता, आणि पुढची दहा मिनिटं गॉब्लिन बिचारा तसाच उभा.

शत्रूला हातांनी धरून ठेवणं म्हणजे ग्रॅपल. त्याची बदनामी जुनी आहे. १९७९ साली 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं डंजन मास्टरसाठीचं पुस्तक आलं, त्यात ठोसे मारणं, धरणं आणि अंगावर जाऊन लोळवणं यांसाठी टक्केवारीचे वेगळेच तक्ते होते. तलवारीचा वार एका फाशात आटपायचा, हातघाईला मात्र बेरजा-वजाबाक्यांची रांग लागायची. २००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली, २००३ मध्ये तिचीच सुधारलेली 'साडेतीन'. नियम एका सूत्रात बसला, पण पायऱ्या चिकार. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो आटोपशीर केला आणि २०२४ च्या सुधारित नियमांनी पुन्हा फिरवला. मधल्या काळात २००९ साली 'पाथफाइंडर' या दुसऱ्या खेळाने साडेतीनचाच सांगाडा घेऊन आपली वाट काढली, आणि २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीही बदलली. टेबलावरच्या चार माणसांच्या डोक्यात चार वेगळे नियम असतात ते यामुळे. कुणीच खोटं बोलत नसतं.

पायरी पहिली: पुस्तक कोणतं ते आधी विचारा

विचारायला लाजू नका. "आपण २०१४ चे नियम खेळतोय की २०२४ चे?" एवढा एक प्रश्न सत्राच्या सुरुवातीला विचारला की निम्मा गोंधळ मिटतो. दोन्हींना लोक 'पाचवी'च म्हणतात, म्हणून हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा. उत्तर "दोन्ही थोडं थोडं" असं आलं, तर पकडीपुरतं कुठलं धरायचं ते तिथल्या तिथे ठरवून घ्या.

पायरी दुसरी: कशासाठी धरायचंय?

नवीन खेळाडूची सगळ्यात मोठी चूक इथे होते. त्याला वाटतं, धरलं म्हणजे शत्रू संपला, हातपाय बांधले गेले, आता तो काही करू शकत नाही. पाचव्या आवृत्तीत असं काहीही होत नाही. २०१४ च्या नियमांत धरलेल्याची चाल शून्य होते. बस. तो तलवार चालवू शकतो, तुमच्या तोंडावर मंत्र टाकू शकतो, ओरडून साथीदारांना बोलावू शकतो. त्याला फक्त जागेवरून हलता येत नाही. इजाही होत नाही. नुसतं धरल्याने शत्रूचा एक हिट पॉइंटही (म्हणजे जीव) कमी होत नाही.

म्हणजे पकड हा वार नाहीच. पकड म्हणजे जागा. शत्रूने कुठे उभं राहायचं हे तुम्ही ठरवणं. हे एकदा पटलं की कधी धरावं आणि कधी धरू नये, हे बऱ्यापैकी आपोआप कळायला लागतं. पळून जाणारा निरोप्या, मागे उभ्या असलेल्या जादूगाराकडे धावलेला मारेकरी, कड्याच्या टोकाशी उभा असलेला सरदार, दाराची कडी ओढायला निघालेला पहारेकरी: यांना धरा. ज्याला जागेशी देणंघेणंच नाही, जो तुमच्यासमोर ठाण मांडून वार करणारच आहे, त्याला धरून काय मिळवलं? एक वार वाया घालवलात.

साधा गॉब्लिन घ्या. २०१४ च्या नियमांत त्याचे हिट पॉइंट ७, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५. ताकद १६ असलेल्या तुमच्या फायटरला त्याला तलवारीने लागण्याची शक्यता ५५ टक्के, आणि लाँगसोर्डचा वार बसला की आठातल्या पाच वेळा तो मेलाच. धरण्याची शक्यता थोडी जास्त आहे, साधारण ६२ टक्के. पण धरलेला गॉब्लिन जिवंत असतो आणि त्याच्या हातात सुरी असते. एका वारात मरणाऱ्याला धरायला जाऊ नये.

पायरी तिसरी: हात मोकळा आहे का?

ही सगळ्यात छोटी पायरी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. पाचव्या आवृत्तीत धरायला किमान एक हात रिकामा हवा. ढाल आणि तलवार दोन्ही धरून बसलेल्या फायटरला नाही धरता येत. दोन हातांची मोठी तलवार मात्र चालते, कारण ती दोन्ही हातांनी वार करतानाच धरायची असते. एक हात सोडून शत्रूची मान पकडा. फक्त पकड सुटेपर्यंत त्या तलवारीने वार करता येणार नाही, हे आधीच लक्षात असू द्या. पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही हात मोकळे नसतील तर फाशातून ४ वजा होतात.

दुसरी अट आकाराची. पाचवीत तुमच्यापेक्षा एकाच पायरीने मोठ्या शत्रूला धरता येतं. माणूस मध्यम, ओगर त्याच्यावरचा, तेव्हा ओगर चालतो. त्याच्यावरचा हिल जायंट नाही चालत. एखादा साथीदार मंत्राने तुमचा आकार वाढवू शकत असेल तर गोष्ट वेगळी, आणि असा साथीदार असेल तर त्याच्याशी गोड बोलत जा.

पायरी चौथी: फासा

२०१४ च्या नियमांत तुमच्या टर्नला 'अटॅक' ही कृती घ्या आणि एका वाराऐवजी पकड घाला. दोघांनीही वीस बाजूंचा फासा टाकायचा, याला चेक म्हणतात. तुम्ही ताकदीवर ॲथलेटिक्स हे कौशल्य मिळवता. समोरचा ॲथलेटिक्स किंवा चपळाईवर ॲक्रोबॅटिक्स, यातलं त्याला जे सोयीचं ते घेतो. तुमची बेरीज जास्त आली तर पकड बसली. बरोबरी झाली तर परिस्थिती होती तशीच राहते, म्हणजे पकड बसत नाही. बरोबरीत धरणाराच जिंकतो असं छातीठोक सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक टेबलावर असतो.

आकडे बघू. दोघांचाही मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) सारखा असेल तर तुमची शक्यता ४७.५ टक्के, कारण बरोबरी तुमच्या विरोधात जाते. तुमचा +५ आणि त्याचा शून्य असेल तर थेट ७० टक्के. याचाच अर्थ, ॲथलेटिक्सची प्रॉफिशियन्सी (प्रावीण्य) घेतली नसेल तर या फंदात पडू नका. नुसत्या ताकदीवर भागत नाही. उलट रोगने (चोराने) किंवा बार्डने (गवयाने) ॲथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज घेतली तर प्रॉफिशियन्सी बोनस दुप्पट होतो, आणि मग लुटूपुटूचा वाटणारा बार्ड फायटरपेक्षा भारी पैलवान ठरतो. बार्बेरियनला रेजमध्ये (संतापाच्या भरात) ताकदीच्या चेकवर ॲडव्हांटेज असतो, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. २०१४ च्या टेबलावर पकडीचा राजा तोच.

२०२४ मध्ये हे सगळं बदललं. पकड आता 'अनआर्म्ड स्ट्राइक'चा एक प्रकार आहे आणि तुम्ही फासाच टाकत नाही. फासा समोरच्याने टाकायचा: ताकदीचा किंवा चपळाईचा सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा), निवड त्याची. त्याला गाठायचा आकडा म्हणजे डीसी = ८ + तुमच्या ताकदीचा मॉडिफायर + प्रॉफिशियन्सी बोनस. ताकद १६ आणि बोनस २ असेल तर १३. वर जो +५ चा फायटर ७० टक्के जिंकत होता, त्याचीच शक्यता समोरच्याचा सेव्ह शून्य असताना आता ६० टक्के. बार्डची एक्स्पर्टीज धरताना कामाची राहिली नाही, बार्बेरियनचा ॲडव्हांटेजही नाही. सुटायच्या वेळी मात्र दोन्ही उपयोगी, कारण सुटका अजूनही ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्सच्या चेकने होते. बदल्यात एक चांगली गोष्ट मिळाली: धरलेल्याला आता तुमच्याशिवाय इतर कुणावरही वार करताना डिसॲडव्हांटेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान घ्यायचा. साथीदारांवरचे वार तुम्ही खरोखर स्वतःच्या अंगावर घेऊ शकता. माझ्या मते हा बदल योग्य दिशेने आहे, पण बार्डची गंमत गेली याचं वाईट वाटतं.

एक ओगर, चार पुस्तकं

नियम बदलले म्हणजे नेमकं किती फरक पडला? चौथ्या पातळीचा फायटर घेऊ, ताकद १६, आणि समोर पुस्तकातला साधा ओगर.

साडेतीनमध्ये फायटरचा ग्रॅपल चेक म्हणजे बेस अटॅक बोनस (पातळीनुसार वाढणारा वाराचा आकडा) ४ अधिक ताकदीचे ३, एकूण +७. ओगरचा +१२, कारण मोठ्या आकाराचे त्याला सरळ ४ जास्त. फासे टाकले तर फायटर जिंकण्याची शक्यता २६ टक्के. आणि हा फक्त शेवटचा फासा. त्याआधी तुम्ही धरायला पुढे झालात की शत्रूला तुमच्यावर फुकटचा वार मिळतो, आणि तो लागून इजा झाली तर पकड तिथेच फसते. माझी पहिलीवहिली पकड याच ओगरवर होती. त्याचा सोटा बसला २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) अधिक ७ चा, पकड फसली, आणि उरलेली लढाई मी आडवी पडून पाहिली.

पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही बाजूंनी फासे टाकण्याऐवजी एकाच बाजूने टाकायचा: तुमचा कॉम्बॅट मनूव्हर बोनस, समोरच्याच्या कॉम्बॅट मनूव्हर डिफेन्सविरुद्ध. फायटरचा बोनस तोच +७. ओगरचा डिफेन्स १८, कारण मोठ्या आकाराचा फायदा इथे ४ वरून १ वर आणलाय आणि ओगरची चपळाई वाईट असल्याने एक आकडा कापलाही जातो. ११ पडले की धरलं. ५० टक्के.

२०१४ च्या पाचवीत फायटर +५, ओगर +४: ५२.५ टक्के. २०२४ मध्ये डीसी १३, ओगरचा ताकदीचा सेव्ह +४: पकड बसण्याची शक्यता ४० टक्के.

एकच माणूस, एकच ओगर, आणि शक्यता २६ पासून ५२ पर्यंत हलते. म्हणून "ग्रॅपल करू नकोस, ते कधीच लागत नाही" असा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, तुम्ही कुठल्या आवृत्तीत शिकलात?

साडेतीन खेळणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

अजूनही साडेतीन खेळणारे गट आहेत आणि तिथे आलेला नवखा खेळाडू पकडीला घाबरतो. क्रम पाठ झाला की भीती जाते. आधी शत्रूचा फुकटचा वार सोसा. मग टच अटॅक: नुसता हात लागला पाहिजे, चिलखत मोजत नाहीत, म्हणून ओगरसारख्या धिप्पाड प्राण्याला तो जवळजवळ हमखास लागतो. मग दोघांचे ग्रॅपल चेक. जिंकलात तर हाताच्या ठोशाएवढी इजा लगेच होते आणि पकड बसते. शेवटी शत्रूच्या चौकोनात शिरा. हे शिरणंही फुकट नाही, आसपासचे इतर शत्रू त्यावर वार करू शकतात.

पहिला फुकटचा वार टाळायचा असेल तर 'इम्प्रूव्ह्ड ग्रॅपल' हे फीट घ्या. (फीट म्हणजे खास कसब, लांबीचं फूट नव्हे. नवीन माणसाचा इथे हमखास घोळ होतो.) त्याने चेकवर ४ ची भरही पडते. हे फीट नसताना साडेतीनमध्ये माणसाएवढ्या किंवा मोठ्या शत्रूला धरायला जाणं हा जुगार आहे.

पण या आवृत्तीत पकड बसली की ती खरोखर पकड असते. बाहेरच्यांविरुद्ध दोघांच्याही आर्मर क्लासमधून चपळाई जाते. पुढच्या चेकने शत्रूला चीत करून दाबून ठेवता येतं. आणि मंत्र टाकणाऱ्याचे हाल तर विचारूच नका: हातवारे लागणारे मंत्र बंद, साहित्य आधीच हातात असलं पाहिजे, आणि वर कॉन्सन्ट्रेशनचा चेक, डीसी २० अधिक मंत्राची पातळी. पाचवीत धरलेला विझर्ड शांतपणे फायरबॉल टाकतो. साडेतीनमध्ये धरलेला विझर्ड ही ओरडणारी टोपी असते. तिकडचा खेळाडू इकडे आला की त्याला हाच फरक सगळ्यात जड जातो.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती

इथे प्रत्येक टर्नला तीन कृती. धरणं ही त्यातली एक. ॲथलेटिक्स टाकायचं, शत्रूच्या फॉर्टिट्यूड (अंगातला दम) डीसीविरुद्ध. आकड्याच्या १० वर गेलात तर शत्रू पुरताच जखडतो. नुसतं यश आलं तर तो हलू शकत नाही आणि त्याचा आर्मर क्लास २ ने उतरतो. १० ने किंवा जास्त चुकलात तर डाव उलटतो, तोच तुम्हाला धरतो किंवा पाडतो. पकड तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंतच टिकते, म्हणून दर टर्नला एक कृती तिच्यासाठी राखावी लागते.

क्रमाची काळजी घ्या. धरणं, पाडणं, ढकलणं हे सगळे वारच मोजले जातात, आणि एका टर्नमधल्या दुसऱ्या वारावर ५ आणि तिसऱ्यावर १० वजा. म्हणून आधी धरा, मग तलवार चालवा. उलटं केलंत तर पकड कच्च्या आकड्यावर पडते, आणि जो २ चा फायदा सगळ्या साथीदारांना मिळाला असता तो उशिरा मिळतो.

पायरी पाचवी: धरलं, आता पुढे?

खरी मजा इथून. पाचव्या आवृत्तीत पाचव्या पातळीला फायटरला एका कृतीत दोन वार मिळतात. पहिल्याने धरा, दुसऱ्याने ढकलून पाडा. पाडायचा चेक धरण्यासारखाच. आता गंमत बघा: आडव्या पडलेल्याला उठायला अर्धी चाल लागते. धरलेल्याची चाल शून्य. शून्याची अर्धी काढून उठता येत नाही. म्हणजे तो आधी एक पूर्ण कृती खर्चून तुमची पकड सोडवणार, मगच उठणार. तोवर त्याच्या प्रत्येक वारावर डिसॲडव्हांटेज, आणि पाच फुटांतल्या तुमच्या सगळ्या साथीदारांना ॲडव्हांटेज. ज्याला ११ पडायला हवेत, त्याची शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. सगळ्या खेळात इतकं स्वस्त काही मिळत नाही.

फक्त पाडण्याआधी मागे वळून बघा. पार्टीत धनुर्धारी किती आहेत? आडव्या पडलेल्यावर लांबून बाण मारताना डिसॲडव्हांटेज येतो. दोन रेंजर आणि एक वॉरलॉक असलेल्या पार्टीत तुम्ही शत्रूला आडवं केलंत, तर टेबलावर तुमचं कौतुक होणार नाही. तिथे नुसतं धरून उभं ठेवा.

ओढून नेणं हा दुसरा उपयोग. धरलेल्याला घेऊन चालता येतं, चाल निम्मी होते. ३० फूट असेल तर १५. शत्रू तुमच्यापेक्षा दोन पायऱ्यांनी लहान असेल तर निम्मीही होत नाही. ओढल्या जाणाऱ्यावर फुकटचे वार होत नाहीत, तुमच्यावर मात्र होऊ शकतात, कारण चालताय तुम्ही. कुठे ओढायचं? 'स्पाइक ग्रोथ' मंत्राने जमिनीवर काटे उगवलेत असं समजा. त्यात हलणाऱ्याला दर पाच फुटांना २डी४ इजा. तुम्ही काट्यांच्या कडेने बाहेरून चाला आणि शत्रूला आतून फरफटत न्या: १५ फुटांत ६डी४, सरासरी १५. तिसऱ्या पातळीच्या आसपास ही इजा भलतीच मोठी आहे. ड्रुइड मैत्रीण असेल तर ही जोडी एकदा तरी जमवाच. मग डंजन मास्टर पुढच्या वेळी उडणारे शत्रू आणेल.

उडणाऱ्यांचंही बघून ठेवा. ज्याची चाल शून्य झाली तो, अधांतरी तरंगण्याची खास ताकद नसेल तर, खाली पडतो. छतावरून उडी मारून त्याला धरलंत तर दोघंही पडाल, दर दहा फुटांना १डी६. तुमचे हिट पॉइंट जास्त असतील तर हा सौदा वाईट नाही.

आणि सोडायला काही लागत नाही. कृती नाही, फासा नाही. हवं तेव्हा हात उघडा. ३० फुटी कड्याच्या बाहेर धरलेल्या शत्रूशी वाटाघाटी करताना हा नियम समोरच्यालाही माहीत असलेला बरा.

बाकीचे डाव

ढकलणं: पाचवीत पाच फूट मागे. ऐकायला कमी वाटतं, पण मंत्राच्या ज्वाळा, खड्डा, पुलाचा कठडा पाच फुटांवरच असतात. साडेतीनमधल्या 'बुल रश'मध्ये चेक जितका जास्त जिंकाल तितकं लांब, दर ५ आकड्यांना आणखी पाच फूट.

पाय ओढून पाडणं साडेतीन आणि पाथफाइंडरमध्ये वेगळा डाव आहे, 'ट्रिप'. साडेतीनमध्ये तुमचा डाव फसला तर समोरचा तुम्हालाच पाडायला बघू शकतो. चार पायांच्या प्राण्याला स्थिर उभं असल्याचे ४ जास्त मिळतात. लांडग्यावर वापरू नका.

हत्यार हिसकावणं नवीन लोकांना फार आवडतं आणि बहुतेक वेळा फसतं. साडेतीनमध्ये दोन हातांचं हत्यार धरणाऱ्याला ४ चा फायदा, सुरीवाल्याला ४ चा तोटा. सोटा हिसकावण्यापेक्षा खंजीर हिसकावणं सोपं. २०१४ च्या पाचवीत हा नियम डंजन मास्टरच्या पुस्तकात ऐच्छिक म्हणून दिलाय, तेव्हा आधी विचारा. आणि हिसकावून जमिनीवर पाडलेली तलवार शत्रू पुढच्या टर्नला उचलून घेतोच. पाडलीत तर लाथेने उडवा किंवा पाय ठेवा. तेही आधी डंजन मास्टरला विचारून. हत्यार तोडायच्या डावाबद्दल एवढंच, की जी तलवार तुम्ही तोडताय ती लढाईनंतर तुमचीच होणार होती.

सत्राआधी चिठ्ठी

कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात चार गोष्टी आधीच लिहून ठेवा: पकडीचा तुमचा आकडा (२०१४ साठी ॲथलेटिक्सची बेरीज, २०२४ साठी डीसी), कुठल्या आकारापर्यंत धरता येतं, कुठला हात मोकळा असतो, आणि धरल्यावर शत्रूला नेमकं काय होतं त्याची एक ओळ. मग टर्न आली की असं म्हणा: "अटॅक कृती, पहिल्या वाराऐवजी पकड, डावा हात मोकळा आहे, डीसी १३." पुस्तक उघडायची गरजच पडत नाही. डंजन मास्टर तुमच्यावर जीव ओवाळून टाकेल, निदान त्या टर्नपुरता.

तुम्हालाच धरलं तर

राक्षस तुमच्यासारखे चेक करत बसत नाहीत. २०१४ चा अजस्र बेडूक ('जायंट टोड') चावला की चावताच पकड बसते. सुटकेचा डीसी १३. शिवाय तुम्ही नुसते धरलेले नसता, जखडलेले असता: तुमच्या वारांवर डिसॲडव्हांटेज, तुमच्यावरच्या वारांना ॲडव्हांटेज.

सुटायचे मार्ग तीन. कृती खर्चून चेक करा. चपळाई बरी असेल तर ॲक्रोबॅटिक्स. नाहीतर जागाच सोडा: 'मिस्टी स्टेप'सारख्या मंत्राने दुसरीकडे प्रकट झालात की पकड सुटते, चेक लागत नाही. तिसरा मार्ग साथीदारांचा. धरणाऱ्याला बेशुद्ध करा, किंवा 'थंडरवेव्ह'ने त्याला इतकं दूर फेका की तुम्ही त्याच्या पल्ल्यात राहणार नाही. तेही पकड मोडतं. थंडरवेव्ह तुम्हालाही लागू शकते, तेवढं सहन करा.

अंगात जोर नसेल, मंत्रही नसेल, तर सुटायच्या नादात तीन टर्न घालवण्यापेक्षा सरळ वार करत राहणं कधीकधी बरं. बेडकाचे हिट पॉइंट ३९ आणि आर्मर क्लास ११. पार्टीने मिळून झोडपलं तर दोन राउंडचं काम. पण त्याने धरलेल्याला तो पुढे गिळू शकतो, तेव्हा बार्ड किंवा विझर्ड तोंडात असेल तर घाई करा. पोटात काही दिसत नाही आणि बेडकाच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला ३डी६ आम्लाची इजा होते. बेडूक मेला की पाच फूट चाल खर्चून बाहेर येता येतं, पण बाहेर पडता ते आडवेच. उठायला अर्धी चाल शिल्लक ठेवा. ३० फुटांतले वीस तिथेच गेले, उरलेल्या दहा फुटांत दुसऱ्या बेडकापासून लांब व्हा.